फुफ्फुसाची विश्रांती : क्षयोपचारातील एका कल्पनेचा इतिहास

१

फारसीतून मराठीत आलेला ‘दम’ हा शब्द श्वासाचा वाचक आहे, तसाच तो थांबण्याचाही आहे. चढण चढून आलेला माणूस वाटेत ‘दम खातो’. उतावळ्याला ‘जरा दम धर’ असे सांगितले जाते. आणि थोड्याशा श्रमाने ज्याचा श्वास फुलतो त्याला ‘दम लागतो’. श्वास आणि विसावा यांची ही सांगड रोजच्या अनुभवातून भाषेत उतरलेली आहे. धाप लागली की थांबावे, हे सांगण्यासाठी वैद्याची गरज नसते. परंतु व्यवहारातील हे साधे शहाणपण जेव्हा वैद्यकीय सिद्धान्ताचे रूप घेते, त्या सिद्धान्तावर इमारती उभ्या राहतात आणि त्या इमारतींत कोणाला प्रवेश मिळावा याचे नियम ठरतात, तेव्हा त्याचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

फुफ्फुसाच्या क्षयरोगाच्या बाबतीत नेमके हेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, या रोगाच्या उपचारावर ‘आजारी फुफ्फुसाला विश्रांती हवी’ या एका कल्पनेचे राज्य होते. या कल्पनेपोटी डोंगरमाथ्यांवर आरोग्यधामे उभी राहिली, रुग्ण महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहिले, फुफ्फुसे मुद्दाम मिटवली गेली, बरगड्या कापून काढल्या गेल्या. आणि याच कल्पनेमुळे, ज्याला आरोग्यधामातील खाट मिळेल त्यालाच खरा उपचार मिळाला, असे मानले गेले. या कल्पनेची सर्वांत ठळक कसोटी लागली ती युरोपातील पर्वतांवर नव्हे. ती लागली मद्रास शहरातील गरीब वस्त्यांत. त्या कसोटीने काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

ही कल्पना आकर्षक का वाटली हे समजण्यासाठी प्रथम श्वसनाची रचना ध्यानात घ्यावी लागते. फुफ्फुसाला श्वास ओढून घेणारा स्वतःचा स्नायू नाही. छाती आणि पोट यांच्या मधला घुमटाकार स्नायू, म्हणजे श्वासपटल, आकुंचन पावून खाली सरकतो. बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी मोठी होते. फुफ्फुसावरणाचे एक पटल फुफ्फुसाला, तर दुसरे छातीच्या भिंतीला आतून चिकटलेले असते. या दोन पटलांमध्ये द्रवाचा पातळ थर असतो आणि तेथील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे छाती विस्तारली की फुफ्फुस तिच्यामागून ओढले जाते व हवा आत येते. उच्छ्वासाला सहसा वेगळा प्रयत्न लागत नाही. ताणलेले फुफ्फुस आपल्या लवचीकपणानेच पूर्वस्थितीला येते.

आत आलेली हवा श्वासनलिकेच्या फांद्या-उपफांद्यांतून वायुकोशांपर्यंत पोहोचते. दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती अत्यंत पातळ असून भोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. याच ठिकाणी प्राणवायू रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बेडकाच्या फुफ्फुसातील या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून प्रथम पाहिल्या त्या इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी याने, १६६१ मध्ये. श्वसन ही एक प्रकारची मंद ज्वलनक्रिया आहे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए याने दाखविले. जॉन हचिन्सन याने १८४६ मध्ये श्वासमापकाने फुफ्फुसाची धारणशक्ती मोजण्याची पद्धत मांडली.

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. दिवसाकाठी ही आवर्तने वीस हजारांच्या आसपास जातात. मोडलेले हाड फळीला बांधून स्थिर ठेवता येते, दुखरा डोळा झाकून ठेवता येतो. फुफ्फुसाला मात्र झोपेतही सुट्टी नाही. व्रण झालेला अवयव दिवसातून वीस हजार वेळा ताणला जात असेल, तर तो भरून यावा कसा? हा प्रश्न तर्काला धरूनच होता. विश्रांतीचा सिद्धान्त या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आला.

३

फुफ्फुसाच्या आत काय चालले आहे हे बाहेरून ओळखण्याचे पहिले विश्वसनीय साधन फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१६ मध्ये तयार केले. छातीला लावलेल्या नळीतून ऐकू येणारे आवाज आणि शवविच्छेदनात दिसणारे व्रण यांची त्याने सांगड घातली व १८१९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निदान आले, उपचार मात्र आला नाही. १८२६ मध्ये लेनेक स्वतः क्षयानेच मरण पावला. पुढे २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. आता कारणही कळले. पण जंतूला मारणारे औषध मिळण्यास त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लागायची होती.

ही दीर्घ पोकळी आरोग्यधामांनी भरून काढली. हेर्मान ब्रेमर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सायलेशियातील ग्योर्बर्सडॉर्फ येथे (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) डोंगराळ प्रदेशात क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम काढले. क्षयरुग्णाचे हृदय दुबळे असते आणि उंचावरील हवेत ते बळकट होते, अशी त्याची धारणा होती. म्हणून त्याच्या उपचारात डोंगरातील चालण्याला मोठे स्थान होते. त्याचाच रुग्ण आणि नंतरचा सहायक पेटर डेटवायलर याने १८७६ मध्ये फाल्केनश्टाइन येथे स्वतःची संस्था सुरू केली तेव्हा मात्र भर बदलला. चालण्याऐवजी पडून राहणे हा उपचाराचा गाभा झाला. मोकळ्या सज्ज्यांत आरामखुर्च्यांवर, कांबळी पांघरून, ठरावीक तास निश्चल पडून राहण्याची शिस्त येथे घालून दिली गेली. टोमास मान याच्या १९२४ मधील ‘द मॅजिक माउंटन’ या कादंबरीमुळे दाव्होस येथील ही जीवनपद्धती साहित्याच्या वाचकांना परिचित झाली. एकच आजार, एकाच परंपरेतील दोन चिकित्सक. एकाने चालायला लावले, दुसऱ्याने निजवून ठेवले. दोघांनीही आपापल्या यशाचे दाखले दिले. यावरून त्या काळातील पुरावा किती सैल होता याची कल्पना येते.

शरीराच्या विश्रांतीवरून विचार पुढे थेट फुफ्फुसाच्या विश्रांतीकडे गेला. इटालियन वैद्य कार्लो फॉर्लानिनी याने १८८२ मध्ये अशी कल्पना मांडली, की फुफ्फुसावरणाच्या दोन पटलांमध्ये सुईने वायू भरला तर तेथील कमी दाब नाहीसा होईल, फुफ्फुस छातीच्या भिंतीपासून सुटेल आणि मिटेल. मिटलेल्या फुफ्फुसातील पोकळी बंद होऊन जखम भरण्यास अवसर मिळेल. भरलेला वायू शरीरात शोषला जात असल्याने तो पुनःपुन्हा भरावा लागे व हा क्रम कित्येकदा वर्षानुवर्षे चाले. ज्यांच्या फुफ्फुसावरणाची पटले एकमेकांना चिकटली होती त्यांच्यावर आणखी कठोर उपाय झाले. श्वासपटलाकडे जाणारी नस चिरडून ते निकामी केले जाई, किंवा एका बाजूच्या अनेक बरगड्या कापून छातीची ती बाजू कायमची आत बसविली जाई.

या उपायांना काहीच आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयाचा जंतू प्राणवायूवर वाढतो. माणूस ताठ उभा वा बसलेला असताना रक्ताचा ओघ फुफ्फुसाच्या तळाकडे अधिक व शेंड्याकडे कमी असतो, म्हणून शेंड्यातील हवेत प्राणवायूचे प्रमाण अधिक राहते. प्रौढांचा क्षय बहुधा शेंड्याशी का वाढतो, याचे हे एक मान्य स्पष्टीकरण आहे. फुफ्फुस मिटल्याने जंतूचा प्राणवायू तुटत असावा आणि काही रुग्णांना त्याचा लाभ झाला असावा. परंतु काहींना झालेला लाभ आणि सर्वांसाठी अनिवार्य असलेली अट यांत अंतर असते. शंभर वर्षांच्या या व्यवहारात ते अंतर काळजीपूर्वक मोजले गेले नाही.

४

भारतात या रोगाची ओळख फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘राजयक्ष्मा’ या नावाने त्याचे वर्णन येते, आणि दिवसेंदिवस झिजत जाणाऱ्या चंद्राची कथा त्याला जोडलेली आहे. ‘क्षय’ या शब्दातच झिजणे आहे. अमेरिकेत १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी मायदेशी परतल्या त्या क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांना स्वीकारताच आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कॉखच्या शोधाला तेव्हा पाच वर्षे होत आली होती. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी आणि देशी वैद्यकाची परंपरा, दोन्ही हाताशी असूनही या रोगापुढे दोन्ही सारख्याच असहाय होत्या.

आरोग्यधामाची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात रुजली. अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ मध्ये मिशनऱ्यांनी सुरू केलेले केंद्र हे या प्रकारचे आरंभीचे उदाहरण. त्यानंतर अलमोडा, सिमल्याच्या वाटेवरील धरमपूर, नैनितालजवळील भोवाली अशी हिमालयाच्या उतारांवरील नावे या यादीत येतात. धरमपूरच्या कार्यात मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचा पुढाकार होता. दक्षिणेत मदनपल्लीजवळील आरोग्यवरम् येथे मिशनांनी एकत्र येऊन १९१५ मध्ये आरोग्यधाम उघडले. डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी इंग्लंडमधील अनुभवानंतर १९२८ मध्ये मद्रासजवळ तांबरम् येथे संस्था काढली. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारलेल्या वैद्यकीय कार्याला क्षयरुग्णांच्या आरोग्यधामाची जोड मिळाली, आणि ती वसाहत पुढे वानलेसवाडी या नावानेच ओळखली गेली.

या संस्थांनी केलेली सेवा खरी होती. पण त्यांच्या रचनेतच एक मर्यादा होती. कमला नेहरू यांच्या आजाराचा प्रवास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यांना भोवालीला ठेवण्यात आले. पती तुरुंगात होते व त्यांना जवळच्या अलमोड्याच्या तुरुंगात हलविण्यात आले होते. पुढे १९३५ मध्ये कमलाबाईंना युरोपात नेण्यात आले आणि २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला. जे उपलब्ध होते ते सर्व त्यांना मिळू शकले, तरीही रोग आटोक्यात आला नाही. गिरणीतल्या, गोदीतल्या किंवा शेतावरच्या मजुराला यातले काहीच मिळणे शक्य नव्हते. वर्षभर पडून राहणे म्हणजे वर्षभर रोजगार सोडणे. त्याच्यासाठी डोंगरावरची हवा जितकी दूर होती, तितकीच दूर विश्रांतीही होती.

नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल दिला. देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण आहेत, दर वर्षी सुमारे ५ लाख माणसे या रोगाने दगावतात, आणि त्यांच्यासाठी खाटा आहेत अवघ्या ६ हजारांच्या आसपास, असे त्या अहवालातील अंदाज सांगतात. साधे गणित केले तरी एका खाटेमागे चारशेहून अधिक रुग्ण येतात. प्रत्येकाला एक वर्ष खाट द्यायची ठरविली, तर त्या वेळच्या रुग्णांचीच पाळी संपायला चार शतके लागली असती. विश्रांती हाच उपचार असेल, तर बहुसंख्य भारतीयांसाठी उपचारच नव्हता, असा या आकड्यांचा अर्थ होता.

५

दरम्यान औषधे आली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला, पाठोपाठ पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच ‘पास’, उपलब्ध झाले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड पुढे आले. एकच औषध दिले तर जंतू लवकरच त्याला दाद देईनासा होतो, म्हणून दोन औषधे एकत्र द्यावीत, हेही कळून चुकले. आयसोनियाझिड स्वस्त होते आणि पोटात घेता येत होते; ‘पास’ही पोटातूनच घ्यायचे होते. मग प्रश्न उभा राहिला : गोळ्या गिळण्यासाठी आरोग्यधामात जावे लागते काय? पाश्चात्त्य देशांत खाटा पुरेशा होत्या, म्हणून तेथे हा प्रश्न तितका निकडीचा नव्हता. भारतात तो जीवनमरणाचा होता.

याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. ब्रिटिश वैद्य वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले संचालक. आज ही संस्था राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चेन्नईत कार्यरत आहे.

प्रयोगाची आखणी साधी आणि कठोर होती. मद्रास शहरातील गरीब वर्गातील, पूर्वी उपचार न झालेले आणि थुंकीत जंतू असलेले दोनशेहून थोडे कमी रुग्ण निवडले गेले. कोणी घरी राहायचे आणि कोणी आरोग्यधामात जायचे हे वैद्याने वा रुग्णाने ठरवायचे नव्हते. ते यदृच्छ निवडीने ठरले. दोन्ही गटांना आयसोनियाझिड व ‘पास’ ही तीच औषधे वर्षभर देण्यात आली. आरोग्यधामातील रुग्णांना खाट, शुश्रूषा, स्वच्छ हवा व सकस आहार मिळाला. घरच्या रुग्णांना आठवड्याची औषधे केंद्रातून न्यावी लागत. ते दाटीच्या घरांत राहत, निकृष्ट आहार घेत, घरकाम करीत, आणि त्यांतील काही कामावरही जात. ते खरोखर औषध घेतात की नाही हे पाहण्यासाठी कर्मचारी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजत व लघवीची तपासणी करीत.

विश्रांतीचा सिद्धान्त बरोबर असता तर या दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक दिसायला हवा होता. पहिल्या अहवालाचे आकडे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस घरच्या गटातील ८६ टक्के व आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा आजार थुंकीच्या तपासणीनुसार शांत झालेला होता. फरक होता, पण अल्प होता. आणि पाच वर्षांनंतर पाहिले तेव्हा तोही उरला नव्हता. दोन्ही गटांतील सुमारे नव्वद टक्के रुग्णांचा आजार शांत होता.

आणखी एक भीती होती. घरी राहिलेला रुग्ण आपल्या मुलाबाळांना रोग देईल, म्हणून तो वेगळा ठेवलाच पाहिजे, असे सर्वत्र मानले जाई. संशोधकांनी दोन्ही गटांतील कुटुंबांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. रुग्णाचे निदान होण्यापूर्वीच कुटुंबीयांना व्हायचा तो संसर्ग बहुतांशी झालेला असतो, आणि औषधे सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने ओसरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. या निष्कर्षाचे सामाजिक मोल औषधाइतकेच मोठे होते. क्षय झालेल्या सुनेला माहेरी पाठविणे, वडिलांची खाट गोठ्याशेजारी टाकणे, भांडी वेगळी ठेवणे, या प्रथांना जो शास्त्राचा आधार सांगितला जात असे, तो उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत यामुळे ढासळला.

६

ही वार्ता जगभर पोहोचली. आरोग्यधामे ओस पडू लागण्याची अन्य कारणेही होतीच. परंतु घरच्या घरी उपचार हा गरिबांवर लादलेला दुय्यम पर्याय नसून तो समतोल उपचार आहे, असे पुराव्यानिशी सांगण्याची सोय मद्रासने केली. बंगळूर येथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ पासून जिल्हा हे एकक धरून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास देबब्रत बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी केलेल्या व १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसरा एक समज खोडून काढला. खेड्यातील माणूस अडाणी असल्याने खोकल्याकडे दुर्लक्ष करतो, असे शहरी वैद्यक मानत आले होते. प्रत्यक्षात फुफ्फुसाचा क्षय असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्यापर्यंत गेले होते, आणि तेथून त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. दोष रुग्णाच्या अज्ञानात नव्हता.

तरीही पुढचा इतिहास सरळ रेषेत गेला नाही. आरोग्यधामाने रुग्णाला खाटेशी बांधले होते, पण निदान औषध नियमित मिळेल याची हमी दिली होती. घरच्या उपचारात ती हमी रुग्णाच्या पायांवर आणि सरकारी औषधसाठ्यावर आली. मद्रासच्या संशोधकांनी ही अडचण आरंभीच ओळखली होती. बरे वाटू लागले की औषध टाळण्याची प्रवृत्ती सर्वांत असते हे लक्षात घेऊन, आठवड्यातून दोनदा कर्मचाऱ्यासमक्ष औषध देण्याची पद्धत त्यांनी १९६० च्या दशकात तपासून पाहिली. प्रत्यक्ष देखरेखीखालील उपचाराची जी पद्धती १९९० च्या दशकात जगभर स्वीकारली गेली, तिचे एक मूळ येथे आहे. भारतीय कार्यक्रमाचा १९९२ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा अपुरा निधी, औषधांची टंचाई आणि अर्धवट राहिलेले उपचार हे दोष ठळकपणे पुढे आले. १९९७ पासून सुधारित कार्यक्रम अमलात आला. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय वाढला, हे या दिरंगाईचे सर्वांत जड मोल होय. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे.

७

मद्रासच्या प्रयोगाचा एक निष्कर्ष मात्र नीट वाचला गेला नाही. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट असूनही ते बरे झाले, यावरून आहाराला महत्त्वच नाही असा सोयीस्कर अर्थ पुष्कळांनी काढला. प्रयोग इतकेच सांगत होता, की प्रभावी औषधे नियमित दिली तर निकृष्ट आहार असूनही जंतूंचा नायनाट होऊ शकतो. उपाशी शरीराला क्षय अधिक सहज का गाठतो, किंवा अतिशय कृश रुग्ण उपचार सुरू असतानाही का दगावतो, हे प्रश्न त्याने विचारलेलेच नव्हते. आरोग्यधाम मोडीत निघताना त्याच्या सज्ज्यांबरोबर त्याचे स्वयंपाकघरही धोरणाच्या कक्षेबाहेर गेले.

ते परत येण्यास सहा दशके लागली. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या कुटुंबांना दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल व सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन एक मोठा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. अनुराग भार्गव व माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांना शिधा मिळाला, त्यांतील सदस्यांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णांपैकी ज्यांचे वजन उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोकाही लक्षणीयरीत्या कमी होता. केंद्र सरकारने २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला होता. ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. १९५९ च्या निष्कर्षाला हा अभ्यास छेद देत नाही, तो त्याला पूर्ण करतो. औषध जंतूला मारते; रोग कोणाला गाठणार, हे मात्र बरेचसे ताटावर ठरते.

विश्रांतीच्या सिद्धान्ताची अखेरची मागे सरण्याची पावले फुफ्फुसाच्या इतर विकारांत दिसतात. धूम्रपान, चुलीचा धूर, धूळ यांमुळे श्वासमार्ग कायमचा अरुंद होण्याचा जो दीर्घकालीन विकार आहे, त्याच्या रुग्णालाही फार काळ ‘हालचाल करू नका’ असेच सांगितले जाई. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंना त्याच कामासाठी अधिक श्वास लागतो, म्हणून दम अधिक लागतो आणि रुग्ण आणखी कमी हालतो. हे दुष्टचक्र ध्यानात आल्यावर देखरेखीखालील व्यायाम हाच या रुग्णांच्या उपचाराचा भाग झाला. क्षयातून बरे झालेल्या अनेकांची फुफ्फुसे व्रणांमुळे आकसलेली असतात. त्यांच्या थुंकीत जंतू नसतो, सरकारी नोंदीत ते ‘बरे’ असतात. जिना चढताना मात्र त्यांना दम लागतो. त्यांनाही आता हाच मार्ग सांगितला जातो. ब्रेमरने रुग्णांना डोंगरात चालविले त्याचे कारण चुकीचे होते, परंतु चालणे सर्वस्वी चूक नव्हते, असे म्हणण्याची पाळी वैद्यकावर आली.

या इतिहासाचा निष्कर्ष विश्रांतीच्या विरोधात काढणे हीसुद्धा अतिशयोक्तीच होईल. तापाने फणफणलेल्या, रक्ताची गुळणी झालेल्या रुग्णाला पडून राहावेच लागते. मद्रासने नाकारली ती विश्रांती नव्हे. विश्रांती परवडल्याशिवाय उपचार नाही, ही अट त्याने नाकारली. ज्या समाजात सहा हजार खाटा आणि पंचवीस लाख रुग्ण होते, त्या समाजाने ही अट तपासून पाहिली हे स्वाभाविक होते. आणि तपासताना तडजोड म्हणून नव्हे, तर कठोर तुलनेने तपासली हे त्या प्रयोगाचे मोठेपण आहे. चेन्नईतील संस्थेत आजही संशोधन चालू आहे. ज्या घरांनी तो पुरावा दिला त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. दाटीच्या खोलीत राहून, आठवड्याच्या गोळ्या घेऊन येऊन, मिळेल ते खाऊन वर्षभर औषध घेत राहिलेल्या त्या माणसांमुळे जगातील असंख्य रुग्णांना घर सोडावे लागले नाही.